एनसीसीचे सर कुठून येतात?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो, तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज जरा वेगळा विषय आहे. कोड नाही, जॉब स्विच नाही, एआय तर अजिबात नाही. आज एनसीसी.

तुमच्यापैकी शाळेत किती जण एनसीसीत होते? आणि खरं सांगा, त्यातले किती जण नाश्त्यासाठी होते? मी होतो. आठवीत मला देशसेवा वगैरे काही कळत नव्हतं. शनिवारी परेड झाली की उकडलेली अंडी आणि केळी मिळतात, कधी मिसळ मिळते, एवढं कळत होतं. शूज पॉलिश करायचे, बेल्टचं पितळ ब्रासोनं चमकवायचं, 'तेज चल' म्हटलं की डावा पाय आधी टाकायचा. माझा उजवा पडायचा. वर्षभर पडला.

तेव्हा एक प्रश्न मला कधीच पडला नाही. आमचे गणिताचे सर शनिवारी खाकी घालून एकदम ऑफिसर कसे होतात? सोमवार ते शुक्रवार खडूनं माखलेली बाही, आणि शनिवारी खांद्यावर स्टार. मला वाटायचं सरकार पाठवत असेल. शाळेत जसा फळा येतो, बाक येतात, तसे एनसीसीचे सर पण येत असतील.

ते तसे येत नाहीत, हे मला कळलं गेल्या वर्षी जूनमध्ये. सरांचा फोन आला. "अरे, मोकळा आहेस का? मी ऑक्टोबरला रिटायर होतोय. एनसीसी घ्यायला कुणी तयार नाही. बटालियनवाले म्हणतात, माणूस द्या, नाहीतर दुसऱ्या शाळा रांगेत उभ्या आहेत."

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावात आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण पुढं थोडी गाऱ्हाणी पण येणार आहेत. शंभरेक पोरापोरींचा ट्रूप आहे. सर गेले आणि जागेवर कुणी आलं नाही, तर ही शंभर पोरं हळूहळू कमी होत जाणार आणि एक दिवस त्या जागा दुसऱ्या शाळेला मिळणार.

मी लगेच म्हटलं, "सर, मी येतो ना. मला वर्क फ्रॉम होम आहे, शनिवार-रविवार गावीच असतो. मी घेतो."

सर हसले. म्हणाले, "तुला नाही घेता येणार."

आता मी इंजिनिअर माणूस. कुणी 'नाही होत' म्हटलं की आधी डॉक्युमेंटेशन उघडतो. एनसीसीचा कायदा आहे, १९४८ चा. छोटासा आहे, चहा पिता पिता वाचून होतो. त्यात अधिकारी नेमण्याबद्दल एक कलम आहे. विद्यापीठाच्या किंवा शाळेच्या कर्मचाऱ्यांमधून नेमावेत, आणि पुढं दोन शब्द, 'किंवा अन्यथा'. मी खूश. म्हटलं, सापडला एल्स ब्लॉक! पण चौकशी केल्यावर कळलं की त्या 'अन्यथा'मधून माझ्यासारखा, वीकेंडला मोकळा असलेला माणूस आत येत नाही. तिथून सैन्यातले अधिकारी येतात, एनसीसीच्या पूर्णवेळ महिला अधिकारी येतात. शाळेतल्या ट्रूपचा प्रमुख मात्र त्याच शाळेचा शिक्षक असावा लागतो. त्याला म्हणतात असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे एएनओ. बोलताना सगळे ए-एन-ओच म्हणतात.

थोडं समजून घेऊ, कारण मी स्वतः पाच वर्षं एनसीसीत राहूनसुद्धा हे मला माहीत नव्हतं. देशभरात पंधरा लाखांहून जास्त कॅडेट आहेत, १७ डायरेक्टोरेट आहेत, त्यातलं एक महाराष्ट्राचं. बटालियनवर कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल असतात. ड्रिल आणि हत्यार शिकवायला सैन्यातले सुभेदार, हवालदार येतात. त्यांना पीआय स्टाफ म्हणतात, आपण पोरं 'उस्ताद' म्हणायचो. मुलींसाठी गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर असतात. ही सगळी मंडळी नोकरीवर असतात, बदली होऊन येतात आणि जातात. आज हा उस्ताद, दोन वर्षांनी दुसरा. कायम कोण असतं? तो शाळेतला शिक्षक. कुठल्या पोराला दमा आहे, कुणाचा बाप कॅम्पला पाठवणार नाही, कुणाकडं दुसरा शर्ट नाही, हे त्याला माहीत असतं.

आणि तो शिक्षक बाहेरून येत नाही. स्टाफरूममधून कुणीतरी एक जण 'मी घेतो' म्हणतो, तेव्हा तो तयार होतो. सक्ती नाही. दरमहा मानधन असतं, पण त्या पैशासाठी कुणी हे करत नाही. आधी त्याला केअरटेकर म्हणून नेमतात. म्हणजे काम सगळं, स्टार अजून नाही. मग वैद्यकीय तपासणी, ग्रुप हेडक्वार्टरला मुलाखत, आमच्याकडे ते कोल्हापूरला होतं. आणि मग ट्रेनिंग. पुरुष शिक्षक जातात आपल्या नागपूरजवळ कामठीला, तिथं एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. महिला शिक्षिका जातात ग्वाल्हेरला, तिथंही तशीच अकॅडमी आहे. शाळेच्या शिक्षकांना साधारण दोन-अडीच महिने, कॉलेजच्या प्राध्यापकांना त्याहून थोडं जास्त. पास झालं की कमिशन. शाळेवाला होतो थर्ड ऑफिसर, पुढं सेकंड, फर्स्ट. कॉलेजवाला होतो लेफ्टनंट, पुढं कॅप्टन, मेजर.

सर १९९९ ला कामठीला गेले होते. महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर, तिथून पुढं. ते ऐकवतात तेव्हा आम्ही लोळतो हसून. म्हणजे बघा, बत्तीस वर्षांचा गणिताचा मास्तर, ज्याला गावात रस्त्यानं जाताना लोक नमस्कार करतात, तो पहाटे हाफ पँटवर पळतोय आणि एक हवालदार त्याला विचारतोय, "साहब, ये जूता पॉलिश किया है या धोया है?" सर म्हणाले, "मी वर्गात पोरांना हेच विचारायचो रे. तिथं पहिल्यांदा कळलं, ऐकणाऱ्याला कसं वाटतं." तिथं सगळे शिक्षकच होते. मराठी, तमिळ, आसामी, पंजाबी. रात्री बूट घासत एकमेकांना पेपर तपासण्याच्या गोष्टी सांगायचे.

आणि ट्रेनिंग म्हणजे फक्त पळणं नाही. ड्रिल स्वतः करायची, मग ती शिकवायला शिकायची. दोन्हीत खूप फरक आहे. तुम्हाला पायथन येणं वेगळं आणि ज्युनिअरला समजावता येणं वेगळं, तसंच. नकाशा वाचणं, रायफल खोलणं-जोडणं, फायरिंग रेंजवर सुरक्षा कशी ठेवायची, पाच-दहा मिनिटांचा पाठ सगळ्यांसमोर घ्यायचा. मला आठवीत पॉइंट टू-टू रायफलची भीती वाटली होती. मी रेंजवर आडवा, हात थरथरतायत, आणि सर शेजारी मातीत गुडघे टेकून हळूच म्हणतायत, "श्वास अर्धा सोड. आता थांब. आता दाब." टार्गेटला एकही गोळी लागली नाही, पण मी घाबरून उठून पळालो नाही, हे माझ्यासाठी मोठं होतं. ते गुडघे टेकणं सर कामठीला शिकून आले होते की त्यांचं स्वतःचं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर, परत जूनमध्ये. माजी कॅडेट्सचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ८६ जण. मी मेसेज टाकला, ट्रूप बंद पडू शकतो. अर्ध्या तासात चाळीस 'जय हिंद', वीस तिरंगे, दोन रडणारे स्टिकर. एकानं लिहिलं, "आपण उपोषणाला बसू." कशासाठी? कुणाविरुद्ध? असो. त्या ८६ जणांत आमच्या शाळेत शिकवणारा एकही नव्हता.

शाळेत दोनच नावं होती. एक पीटीचे सर. ते स्पष्ट म्हणाले, खेळ माझ्याकडं, सहल माझ्याकडं, निवडणुकीची ड्यूटी माझ्याकडं, वरून हे नको. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या विज्ञानाच्या मॅडम. चौतीस वर्षांच्या, कॉलेजात स्वतः कॅडेट होत्या, 'सी' सर्टिफिकेट आहे. मला वाटलं, झालं काम!

मी शनिवारी स्टाफरूममध्ये गेलो. मोठ्या उत्साहात बोललो. शाळेचं नाव, पोरांचं भवितव्य, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "मॅडम, फक्त दोन-अडीच महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "फक्त?"

मी गप्प.

"माझी मुलगी चार वर्षांची आहे. मिस्टर पुण्याला असतात, शनिवारी येतात. दहावीचं विज्ञान माझ्याकडं आहे. मी ग्वाल्हेरला गेले तर तो वर्ग कोण घेणार, हे हेडसरांनी अजून सांगितलेलं नाही. पालक मलाच विचारणार. तुमच्या कंपनीतून अडीच महिने सुट्टी काढून याल का तुम्ही माझ्या मुलीला शाळेत सोडायला?"

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. साधं विचारलं. आणि मला उत्तर देता आलं नाही. ट्रेनिंगचे दिवस ड्यूटीवरच धरतात, पगार चालू राहतो, वगैरे मी वाचून गेलो होतो. त्यांच्या प्रश्नात पगार नव्हताच.

घरी येताना गाडीवर माझं डोकं फिरलेलं होतं. खरं सांगतो, आधी चिडलो. म्हटलं, आम्ही करायला तयार आहोत त्यांना दार बंद, आणि ज्यांना दार उघडं त्यांना वेळ नाही, कसली सिस्टीम आहे ही! रात्री बसून बाहेरच्या देशात काय करतात ते वाचलं. ब्रिटनमध्ये एअर ट्रेनिंग कॉर्प्स आहे, फेब्रुवारी १९४१ पासूनची, विमानदलाशी जोडलेली. तिथं माझ्यासारखा नोकरदार माणूस सिव्हिलियन इन्स्ट्रक्टर म्हणून येऊ शकतो. कुणी रेडिओ शिकवतो, कुणी प्रथमोपचार, कुणी सायबर. गणवेश नाही, रँक नाही. पुढं वाटलं तर सार्जंट किंवा ऑफिसरसाठी अर्ज करायचा. वाचून वाटलं, हे बघा, हे असं पाहिजे.

मग पुढचा परिच्छेद वाचला. तिथं आत येण्याआधी पोलिसांच्या नोंदी तपासतात. मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग आधी, बाकी सगळं नंतर. त्यात पहिलीच गोष्ट अशी की मूल तुम्हाला काही सांगायला आलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, लिहून ठेवायचं, आणि जबाबदार माणसापर्यंत पोहोचवायचं.

इथं मी थांबलो. कारण मी काय ऑफर देत होतो? 'मी माजी कॅडेट आहे, मला वेळ आहे, पोरं माझ्या ताब्यात द्या.' मला कुणी तपासलेलं नाही. मी कुणाला बांधील नाही. उद्या बंगळुरूला ऑफर आली तर मी निघून जाईन, आणि कॅम्पला नेलेल्या शंभर पोरांची जबाबदारी कुणाची? शिक्षकाचं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, पालक त्याचं घर ओळखतात, काही झालं तर विचारायला माणूस आहे. दार बंद आहे ते उगाच नाही. मी म्हणेन, माजी कॅडेटसाठी तपासून, शिकवून आत घेणारी एक छोटी खिडकी आपल्याकडेही असायला हवी. पण दार सताड उघडं नको, एवढं मला त्या रात्री पटलं.

मग पुढचे तीन रविवार मी सरांकडे बसलो. म्हटलं, सर, तुम्ही नेमकं काय काय करता ते सांगा, मी शीटमध्ये लिहितो. सर म्हणाले, "काय, परेड घेतो." लिहायला लागलो आणि ६१ ओळी झाल्या. नावनोंदणीचे फॉर्म, पालकांची संमती, डॉक्टरचं सर्टिफिकेट. पोराच्या नावाचं बँक खातं, कारण गणवेशाचे पैसे आता थेट खात्यात येतात. आणि तिथं खरी गंमत. आधारवर 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेत दुसरं, शाळेच्या रजिस्टरला तिसरं. पैसे अडकले की पालक सरांच्या दारात. हजेरी ७५ टक्के नसेल तर 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून जो पोरगा ऊसतोडीच्या दिवसांत आईबापांबरोबर गेला, त्याच्या परेडचा हिशेब. नाश्त्याची बिलं. कॅम्पची यादी, कॅम्पची बस, कॅम्पमध्ये रात्री दोन वाजता ताप आलेलं पोरगं. ६१ पैकी परेडच्या ओळी होत्या नऊ.

मॅडमना भीती अडीच महिन्यांची होतीच, पण त्याहून जास्त या बावन्न ओळींची होती. त्यांनी सरांना वीस वर्षं रात्री नऊला शाळेतून निघताना पाहिलं नसेल, पण पाच वर्षं पाहिलंय.

मग आम्ही ती शीट घेऊन बसलो. मी, सर, मॅडम, पीटीचे सर. प्रत्येक ओळीपुढं विचारलं, हे एएनओनंच करायला पाहिजे का? बऱ्याच ओळींचं उत्तर 'हो' आलं. पण सगळ्यांचं नाही. नावांच्या स्पेलिंगचं काम मी घेतलं. पण पोरांची आधार कार्डं माझ्या लॅपटॉपवर घ्यायला मी नकार दिला. हेडसर म्हणाले, "अरे, पाठव व्हॉट्सॲपवर, काय होतंय!" म्हटलं, सर, तेच नको. त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पालकांना बोलावलं, क्लार्क हजर, पालकांनी स्वतः बसून दुरुस्तीचे फॉर्म भरले, मी नुसता शेजारी उभा. पहिल्या दिवशी २३ जण आले. एक आजी नातवासाठी आली होती, तिला अंगठा लावायचा होता, आणि तो काही मशीनला उमटेना. अर्धा तास गेला त्यात. शेवटी हात धुऊन, पुसून, तेरावा की चौदावा प्रयत्न.

पीटीच्या सरांनी कबूल केलं, अडीच महिने केअरटेकर मी बघतो, पण अडीचच. ग्रुपमधल्या एकीनं, ती आता फिजिक्समध्ये एमएस्सी आहे, दहावीच्या वर्गाला रविवारी उजळणी घ्यायचं ठरवलं, शाळेत, शिक्षकांच्या समोर. नेहमीच्या तासांचं उत्तर मात्र हेडसरांनी खूप उशिरा दिलं. आणि तेही अर्धवटच, असं मला आजही वाटतं.

मॅडमनी हो म्हणायला सप्टेंबर उजाडला. आमच्यामुळं म्हणाल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "जा गं, मी आहे." तेवढं वाक्य आमच्या ६१ ओळींच्या शीटपेक्षा जड होतं.

कोल्हापूरला मुलाखत झाली. कॉल लेटर आलं. त्या रात्री उशिराची गोवा एक्सप्रेस धरून साताऱ्याहून ग्वाल्हेरला गेल्या. स्टेशनवर सर आले होते. रिटायर झालेले, स्वेटर-मफलरमध्ये. त्यांनी मॅडमना एक जुनी पिशवी दिली. आत ब्रासोची डबी आणि मऊ फडकी. "तिथं मिळतं सगळं," मॅडम म्हणाल्या. सर म्हणाले, "असू दे."

आता त्यांना तिथं पाच आठवडे झालेत. मागच्या रविवारी फोन झाला. आवाज पूर्ण बसलाय, ओळखूच येईना. म्हणाल्या, वर्गात आपण घशातून ओरडतो, इथं वर्ड ऑफ कमांड पोटातून द्यायला लावतात, तोवर घसा गेला. पंधरा दिवस पाय सुजले होते. नकाशात होकायंत्र धरून चालताना त्यांचा गट एका गोठ्यात पोहोचला. हसत होत्या. मग म्हणाल्या, "मुलगी फोनवर येत नाही आता. आधी रोज यायची. आता आजीला सांगते, आईला सांग मी झोपले." आणि पुढं काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. 'फक्त' हा शब्द तेव्हापासून माझ्या तोंडून जपून येतो.

अजून चारेक आठवडे आहेत.

ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील आणि मनात विचार असेल, तर आधी आपल्या शाळेतल्या किंवा जवळच्या एएनओशी बोला, तो सगळं खरं सांगेल. वयाची अट असते, ती बटालियनच्या ऑफिसात विचारा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका. शिक्षक नसाल आणि मुलांबरोबर असं काम करायचंच असेल, तर स्काउट-गाईडचं दार तुमच्यासाठी जास्त उघडं आहे. तिथं बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वूड बॅज अशा पायऱ्या आहेत. आणि माजी कॅडेट असाल तर एकदा आपल्या जुन्या शाळेत जाऊन विचारा, सध्या एनसीसी कोण बघतंय. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'केअरटेकर' असं येईल.

या शनिवारी मी गावी आहे. पीटीच्या सरांनी दोन कामं लावलीत. लॅबमध्ये अकरा पालक येणार आहेत, आणि परेडनंतरची केळी मंडईतून आणायचीत. शंभरावर दहा जास्त घ्या म्हणालेत, कारण एक-दोन पोरं दोनदा रांगेत उभी राहतात. मला ती पोरं माहीत आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या एनसीसीच्या सरांची, मॅडमची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. जय हिंद.